वाचकांचे प्रश्न : डायलिसिसचे चार तास आणि बाकीचा आठवडा

मागच्या अंकात किडनीच्या पेशंटच्या पथ्याबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीग आला. इंदूरची पत्रं सगळ्यात जास्त, त्याखालोखाल देवास, धार, उज्जैन आणि ग्वाल्हेर. मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये २६ वर्षं डायलिसिस युनिटची, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनवर साफ करतात तिथली, सिस्टर होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं इन्चार्ज. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टर, सांगतील. बेडशेजारी उभं राहून जे पाहिलं आणि शिकले, ते मी सांगते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत, १५ वर्षांपासून शुगर आहे. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन ६.८ आलंय. डॉक्टर म्हणतात, आत्ताच हातावर फिस्टुला करून ठेवा. यजमान म्हणतात, मला काही त्रास नाही, लघवी छान होते, मग हात कशाला कापून घेऊ? घरातले मोठे म्हणतात, डायलिसिस एकदा लागलं की सुटत नाही, त्यापेक्षा जडीबुटी करून पाहा. मी कोणाचं ऐकू? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ताई, डॉक्टरांचं ऐका, आणि या आठवड्यातच ऐका.

फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस सुरू झालं, असं यजमानांना वाटतंय. बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मनगटापाशी किंवा कोपरापाशी हात बधिर करून एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात, एवढंच ते ऑपरेशन. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत यायला लागतं आणि शीर हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते. याला सहा ते आठ आठवडे लागतात, शुगरच्या पेशंटला कधी कधी तीन महिनेही. म्हणून तर आत्ता करायचा. डायलिसिसचं मशीन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त ओढतं. साध्या शिरेतून एवढं रक्त येतच नाही.

सुरुवातीच्या काळात हीच मोठी अडचण होती. मशीन होतं, पण रक्त घ्यायला दर वेळी नवी जागा कापावी लागे आणि थोड्याच खेपांत हातापायांतल्या जागा संपत. १९६० साली सिएटलचे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी पेशंटच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची ठेवून दाखवली, तेव्हा कुठे किडनी निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू शकेल, ही शक्यता उभी राहिली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या नळीशिवाय, माणसाच्याच शिरेचा फिस्टुला प्रसिद्ध केला. आजही पहिली पसंती त्यालाच आहे.

फिस्टुला तयार नसताना डायलिसिसची वेळ आली की मानेत कॅथेटर घालतात. मध्यरात्री धाप लागून कॅज्युअल्टीत आलेला पेशंट, घाबरलेले घरचे, आणि मानेत नळी. हे दृश्य मी किती वेळा पाहिलं, त्याची गणती नाही. ती नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, त्यामुळे तिथून जंतू शिरला तर सरळ रक्तातच जातो. एक तरुण मुलगा होता. फिस्टुला तयार व्हायची वाट पाहत होता आणि तोवर मानेत कॅथेटर होतं. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेला. लांबूनच बघेन म्हणाला होता. टँकरचं रंगीत पाणी मानेवरच्या पट्टीत मुरलं. दोन दिवसांनी मशीनवर घेतल्याबरोबर त्याला अशी हुडहुडी भरली की बेड हलत होता. सतरा दिवस ॲडमिट होता तो. त्याची आई मला म्हणाली, "सिस्टर, चार महिने आधी डॉक्टर सांगत होते हो."

लघवी छान होते, याने फसू नका. किडनी बिघडली तरी पाणी बराच काळ बाहेर पडत राहतं, मात्र त्यातून जायला हवा तो कचरा जात नाही. भूक मरणं, सकाळी मळमळणं, तोंडाला लोखंडासारखी चव येणं, आडवं झालं की धाप लागणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

आता "सुटत नाही" याबद्दल. जुलाब, मलेरिया, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव, दुखण्याच्या गोळ्यांचा मारा, अशा कारणांनी किडनी अचानक बंद पडली असेल तर थोडे दिवस डायलिसिस लागतं आणि पुष्कळदा किडनी पुन्हा चालू होते. असे पेशंट मी हसत घरी पाठवले आहेत. १५ वर्षांच्या शुगरने हळूहळू झिजलेली किडनी मात्र परत येत नाही, आणि तिथे दोष डायलिसिसचा नसतो. जडीबुटीबद्दल मी कडकच सांगते : ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती किडनीच्या पेशंटने तोंडात घालू नये. काही भस्मांमध्ये पारा आणि शिसं सापडलेलं आहे, काही झाडपाला तर स्वतःच किडनी खातो. उरलेली दहा टक्के किडनीसुद्धा सोन्यासारखी आहे, ती कुणाच्या प्रयोगाला देऊ नका.

आजपासून दोन कामं करा. यजमान उजव्या हाताने काम करत असतील तर डावा हात राखून ठेवा. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही. आणि हिपॅटायटिस बी ची लस विचारा. किडनीच्या पेशंटला ती दुप्पट डोसने, बहुधा चार वेळा देतात, आणि आजार जितका अलीकडचा तितकी ती चांगली लागू पडते.

फिस्टुला झाला की एक गोष्ट मात्र यजमानांनी स्वतः करायची, तुम्ही नाही. टाक्यांच्या थोडं वर दुसऱ्या हाताची बोटं हलकी ठेवायची. मांजर मांडीवर येऊन बसलं की त्याच्या पोटातून गुरगुर लागते ना हाताला, तशी एक बारीक थरथर जाणवते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. पहिल्या दिवशी मी पेशंटचंच बोट धरून तिथे ठेवायची. बहुतेकांचा चेहरा तेव्हा बदलायचा. इतका वेळ ऑपरेशनकडे पाठ फिरवून बसलेला माणूस एकदम हाताकडे वळून बघायचा. रोज सकाळी दात घासले की ती थरथर पाहायची. गप्प झाली असेल तर त्याच तासाला फोन करायचा. बंद पडलेला फिस्टुला लवकर कळला तर कधी कधी उघडता येतो. दोन दिवस गेले की फार अवघड.

प्रश्न : वय ६४, रिटायर्ड. दीड वर्षापासून आठवड्यात तीन डायलिसिस, मंगळ-गुरू-शनि. शुगर नाही. ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) ५४ किलो, पण दर वेळी चार ते साडेचार किलो वाढवून जातो. शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी खरोखर मोजून पितो, तरी तहान जात नाही. सिस्टर सगळ्यांसमोर रागावतात. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : काका, सगळ्यांसमोर रागावणं चूकच. मीही तरुणपणी रागावलेली आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. रागावल्याने पेशंट वजन कमी करत नाही, काट्यावर उभं राहायचं टाळतो.

आधी हिशेब बघू या. तासाला, किलोमागे साधारण १३ मिलीपेक्षा जास्त पाणी काढू नये, असं मानतात. तुमचे ५४ किलो म्हणजे तासाला सातशे मिली. चार तासांत दोन लिटर आठशे. तुम्ही आणता साडेचार. मग मशीनला तासाला अकराशेच्या वर ओढावं लागतं. वाढलेलं पाणी पायांत, पोटात, फुफ्फुसांत पसरलेलं असतं आणि मशीन ओढतं फक्त रक्तातलं. रक्तातून काढलं की मांसातलं पाणी हळूहळू झिरपत रक्तात येतं. ते येण्याच्या आत आपण आणखी ओढलं की बीपी कोसळतं आणि पोटरीत गोळा येतो. तुम्हाला गोळा दिसतो, पण त्याच वेळी हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडत असतं. दर वेळी थोडं थोडं. मला काळजी त्याची वाटते.

आता तहान. पाणी मोजता, हे मी मानते. मीठ मोजता का? सलाइनची बाटली पाहिली असेल, लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असतं तिच्यात. तुम्ही पोटात नऊ ग्रॅम जास्तीचं मीठ घातलंत की शरीर त्याला लिटरभर पाणी मागणारच, आणि ते मिळेपर्यंत तहान थांबणार नाही. नऊ ग्रॅम म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा. आणि काका, आपण इंदूरचे. पोह्यांवर सेव, डाळीवर सेव, काकडीच्या कोशिंबिरीवर सेव, संध्याकाळी वाटीत नुसती सेव. भाजीत मीठ अर्धं केलं असं सांगणाऱ्या घरांत मी गेले आहे आणि टेबलावर सेवेचा डबा उघडा पाहिला आहे. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं आहे. सेव, पापड, लोणचं, फरसाण यांना त्यात जागाच उरत नाही. पोहे मात्र सोडू नका. घरी करा, मीठ चिमूटभर, वर लिंबू आणि खोबरं. तुम्हाला शुगर नाही, तर रविवारी सोबत जलेबीचे दोन वेढे जरूर खा. तेवढं सुख हवंच.

सैंधव मीठही मीठच आहे, ते चालतं हा गैरसमज. आणि दुकानात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्याला हात लावू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि डायलिसिसच्या पेशंटला ते जिवावर बेततं.

पाण्याचं असं करा. चोवीस तासांत जेवढी लघवी होते, अधिक पाचशे मिली, एवढं सकाळी एका बाटलीत भरून ठेवा. चहा घेतला, आमटी घेतली, ताक घेतलं की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घेता येतात का ते विचारून घ्या, कित्येक जण नुसत्या गोळ्यांपायी दोन पेले पाणी पितात. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या तारखेच्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहा. सुनेला लिहायला सांगू नका. दिवसाला एक किलोच्या आत राहायचं. तुमचा शनिवार ते मंगळवार हा खंड मोठा आहे, सोमवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी सगळ्यात जास्त जपा. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा : चारऐवजी साडेचार तास करता येईल का? मला तो उपाय फार आवडतो. वेळ वाढला की तेच पाणी सावकाश निघतं.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या आजोबांचं डायलिसिस चालू आहे. मशीनच्या आत रक्ताचं काय करतात? घरी कोणी नीट सांगत नाही. (रामबाग, इंदूर)

उत्तर : बाळा, किती चांगला प्रश्न विचारलास.

कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवल्या की मीठ फोडींत शिरतं. त्याच फोडी नंतर साध्या पाण्यात टाकल्या की खारटपणा पाण्यात उतरतो. जिकडे जास्त आहे तिकडून जिकडे कमी आहे तिकडे जायचं, हा नियम. मशीनला फूटभर लांबीची एक पारदर्शक नळकांडी लावलेली असते, तिला डायलायझर म्हणतात. आत केसासारख्या बारीक, पोकळ अशा दहा हजारांच्या आसपास नळ्या असतात. आजोबांचं रक्त त्या नळ्यांच्या आतून वाहतं आणि बाहेरून उलट्या दिशेने औषधी पाणी वाहतं. नळ्यांच्या भिंतींना इतकी बारीक छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचं पोटॅशियम पाण्यात उतरतं, पण रक्ताच्या पेशी आतच राहतात. सगळं रक्त काही बाहेर काढत नाहीत. एका वेळी बाहेर असतं ते फुलपात्रभर, साधारण दोनशे-अडीचशे मिली. तेच फिरून फिरून साफ होतं.

हे पाणी मिनिटाला अर्धा लिटर लागतं. चार तासांचं गणित कर बघू. एकशे वीस लिटर! आजोबांच्या एका खेपेला. आपल्याकडचं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढून येतं. पिण्याच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात, आणि ते पिणाऱ्याला चांगलंच असतं. पण तेच क्लोरीन डायलायझरमधून रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं. म्हणून युनिटच्या मागच्या खोलीत मोठ्या टाक्या असतात. आधी कोळशाची, मग आर.ओ.ची. पहाटे पहिला पेशंट घेण्याआधी मी त्या खोलीत जाऊन पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासत असे. पट्टीचा रंग बदलला नाही की मगच दार उघडायचं. आजोबांच्या युनिटमध्ये ती खोली दाखवा म्हणून विचार, कोणी नाही म्हणणार नाही.

आणि हे मशीन पहिल्यांदा केलं ते १९४३ साली, नेदरलँड्समध्ये, युद्ध चालू असताना. विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरांनी. लाकडी पिंपाभोवती सॉसेजची सेलोफेनची नळी गुंडाळून. सुरुवातीचे पंधराएक पेशंट वाचले नाहीत. तरी ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या मशीनवर शुद्धीवर आली आणि वाचली.

प्रश्न : सासूबाईंच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. हिरव्या बांगड्या काढायला त्या तयार नाहीत. म्हणतात, हे आहेत तोवर हात रिकामा ठेवणार नाही. (देवास)

उत्तर : वहिनी, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कारण सांगा. घट्ट बांगडीने शीर दाबली तर आत गुठळी होऊन फिस्टुला बंद पडतो. काचेची बांगडी तिथे फुटली तर रक्ताची पिचकारी उडते, कारण त्या शिरेत आता धमनीचा जोर आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी स्वतःच तोड काढली होती. दोन्ही हातांच्या बांगड्या मिळून उजव्या हातात. डाव्या हाताला, फिस्टुलापासून लांब, दंडावर रोज सकाळी कुंकवाचं एक बोट. सुया टोचायच्या आधी हात साबणाने धुवायच्या, घरी गेल्या की पुन्हा लावायच्या. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

तो हात उशाखाली घेऊन झोपू नये, त्यावर पिशवी अडकवू नये, त्यावर बीपी मोजू नये. एका मोठ्या हॉस्पिटलात, गडबडीत, आमच्या एका पेशंटच्या त्याच हाताला सलाइन लावलं आणि चार वर्षं चाललेला फिस्टुला एका रात्रीत गेला. पेशंट बेशुद्ध होता, आणि घरच्यांना सांगायचं सुचलं नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं. रक्त आलंच तर हळद भरत बसू नका, कापडाने हात करकचून आवळू नका. स्वच्छ घडीवर बोटाने नेमक्या जागी दाबून धरा, हात वर करा आणि तसंच धरून हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : आई ४५ वर्षं एकादशी आणि श्रावणी सोमवार करते आहे. आता डायलिसिस सुरू झालं. उपवासाचं चालतं ना? डाळ-पनीर तर डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच बंद केलं होतं. (धार)

उत्तर : उपवासाचं ताट म्हणजे डायलिसिसच्या पेशंटसाठी पोटॅशियमचं ताट. साबुदाण्यात स्वतःचं पोटॅशियम फारसं नाही, पण त्यात पडणारा बटाटा आणि शेंगदाण्याचा कूट, शेजारी रताळं, केळं, खजूर, वर नारळाचं पाणी! हिवाळ्यात सराफ्यात मिळणारा गराडू, तो तळलेला कंद, तोही त्यातलाच. पोटॅशियम वाढलेलं आधी कळत नाही. पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात आणि मग हृदयाचा ठोका चुकतो. दिवसभर काहीच न खाता राहिलं तरी ते वाढू शकतं, म्हणून निर्जळी तर नकोच.

आईंचं मन मोडू नये असं मलाही वाटतं. डायलिसिसच्या दिवशी उपवास नाही, हे ठरवून टाका. बाकी दिवशी, डॉक्टर हो म्हणाले तर, वरीचा भात आणि त्यावर दोन चमचे दही, एवढ्यावर एकवेळ करता येईल. बटाटा हवाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला जास्त खटकलं. डाळ-पनीर बंद केलं होतं ते डायलिसिसच्या आधी, किडनीवरचा भार कमी करायला. डायलिसिस सुरू झाल्यावर नियम उलटतो. दर खेपेला थोडी प्रथिनं पाण्याबरोबर निघून जातात. आता किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. घरं जुनाच कागद फ्रिजवर चिकटवून ठेवतात आणि पेशंट डोळ्यांदेखत वाळत जातो. डाएटिशियनकडून नवा कागद आणा. दूध-पनीर वाढलं की फॉस्फरस वाढतो, तो कमी ठेवायची गोळी जेवणाच्या सोबतच घ्यायची. उपाशीपोटी घेतलेली ती गोळी वाया जाते.

आणि एक फळ घरातच आणू नका : कमरख. कापल्यावर चांदणीसारखं दिसतं, शाळांबाहेर गाड्यांवर तिखट-मीठ लावून मिळतं. त्यातलं एक विष चांगली किडनी बाहेर टाकते. डायलिसिसच्या पेशंटला मात्र एका फळानेही न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, आणि कधी मृत्यू.

प्रश्न : भाचीच्या लग्नाला पुण्याला आठ दिवस जायचंय. डायलिसिस चुकलं तर? (उज्जैन)

उत्तर : चुकवायचं नाही, पुण्यात घ्यायचं. दोन-तीन आठवडे आधी तिथल्या युनिटला फोन करून वार ठरवा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट, हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस आणि डायलायझरचा प्रकार लिहिलेला कागद बरोबर ठेवा. लग्नाला जरूर जा.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे आहेत, चार वर्षं डायलिसिसवर. गेले दोन महिने म्हणतात, आता बस, मला नेऊ नका. आम्ही त्यांना बळेच गाडीत बसवतो. मला रात्री झोप लागत नाही. (ग्वाल्हेर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

बळेच बसवणं थांबवा आणि त्यांच्याजवळ बसा. डायलिसिसच्या दिवशी नको, त्या दिवशी संध्याकाळी माणूस पिळून निघालेला असतो. मधल्या दिवशी सकाळी बसा, बाकीच्यांना बाहेर पाठवून. "बस" म्हणजे काय बस, हे विचारा. सुयांचं दुखणं असेल तर बधिर करायचं मलम मिळतं. रात्रभर अंग खाजत असेल तर बहुतेक वेळा फॉस्फरस पाहावा लागतो. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन किती, रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वेळेवर होतंय का, हे पाहा. मन खचलं असेल तर त्यालाही औषध आहे, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये ते फार आढळतं. येण्याजाण्याचाच जाच होत असेल तर घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारा. पैशांची काळजी पोटात ठेवली असेल तर, २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस आहे, आयुष्मान कार्डावरही होतं. हे त्यांना आकड्यांसकट सांगा.

आमच्याकडे एक आजोबा होते, पहाटे पाचच्या शिफ्टचे. तेही असेच तीन महिने "बस" म्हणत होते. मुलगा रडायचा, डॉक्टर समजवायचे. एकदा सुया लावून झाल्यावर मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, आजोबा, सगळ्यात नकोसं काय वाटतं? ते म्हणाले, "सून चार वाजता उठते माझ्या चहासाठी. लेकराला घेऊन उशिरा झोपलेली असते." बस, एवढंच. आम्ही त्यांना साडेदहाच्या शिफ्टला घेतलं. पुढे अडीच वर्षं आले ते, खिडकीजवळच्या बेडवर, पेपर घेऊन.

सगळ्यांचं असं होईल, असं मी म्हणणार नाही. हे सगळं तपासूनही बाबा शांतपणे, समजून, पुन्हा पुन्हा तेच म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. मग डॉक्टरांना घरच्यांसोबत बसवा. डायलिसिस थांबलं तरी धाप, खाज, मळमळ, वेदना यांवरचे उपचार चालूच राहतात, आणि ते नीट करणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर असतात. लघवी अजिबात होत नसेल तर त्यानंतरचे दिवस थोडे असतात, बहुधा एक-दोन आठवडे. हेही त्यांना आणि तुम्हाला आधी माहीत हवं. एक-दोन महिने बदल करून पाहू आणि मग पुन्हा बोलू, असंही ठरवता येतं. मी असते तर आधी ते सुचवलं असतं.

या रविवारी त्यांच्याशी बोला. ते काय म्हणाले, ते मला कळवा. मी वाट बघते आहे.